मीटरची भाषा आणि शुक्रवार पेठेतली वही

गेल्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही, कारण मी सोलापूरला होतो. शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं घर रिकामं करायचं ठरलंय. दोन दिवस नुसती धूळ, झुरळं आणि 'हे टाकायचं की ठेवायचं' यावरून भांडणं. माळ्यावर पत्र्याच्या तीन ट्रंका निघाल्या. दोन ट्रंकांत पितळी भांडी होती, त्यांच्याभोवती लगेच गर्दी झाली. तिसरीत लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या होत्या. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही, म्हणून त्या माझ्या वाट्याला आल्या.

आजोबांचं सुताचं दुकान होतं. पूर्व भागातले मागवाले त्यांच्याकडून सूत उधारीवर न्यायचे, आणि त्या उधारीचा सगळा इतिहास या वह्यांत मोडीत लिहिलेला आहे. मला मोडी येत नाही. थोरल्या काकांना येते. वय ब्याऐंशी, चष्मा कपाळावर. वही मांडीवर घेऊन त्यांनी धडाधड वाचायला सुरुवात केली. मी एका आकड्यावर बोट ठेवलं. सात, पुढे तीन उभ्या रेघा, त्यापुढे दोन आडव्या.

"सात रुपये चौदा आणे," काका म्हणाले.

"आणि हे? इथंही सात आणि तीन उभ्या रेघा आहेत."

"ते पावणेआठ पौंड."

"चिन्ह तर तेच आहे की काका! तुम्हाला कसं कळलं हे रुपये नाहीत म्हणून?"

"अरे, रकाना बघ की!"

मी खो-खो हसलो. काकांना वाटलं, पोराला उन्हाचा त्रास झाला. पण मंडळी, मी गेली कित्येक वर्षं पोटासाठी जे करतोय, ते काकांनी तीन शब्दांत सांगितलं होतं. म्हणून आजचा हा लेख.

*

आधी त्या रेघांबद्दल. तरुण वाचकांसाठी सांगतो: एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पाव रुपया म्हणजे चार आणे. त्यापुढच्या आडव्या रेघा म्हणजे एकेक आणा. म्हणून तीन उभ्या, दोन आडव्या = बारा अधिक दोन = चौदा आणे. यात कुठेही दशांश चिन्ह नाही, कारण सगळा मामला चाराच्या आणि सोळाच्या पटीतला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही पाढ्यांची पलटण काकांच्या पिढीनं घोकली ती याचसाठी. (औटकीसुद्धा! औट म्हणजे साडेतीन. मला हा शब्द फक्त ऐकून माहीत होता, काकांना अख्खा पाढा येतो.)

या रेघांना २००९ साली युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत स्वतःच्या जागा मिळाल्या: पाव, अर्धा, पाऊण, आणि एक सोळांश, एक अष्टमांश, तीन सोळांश. खुद्द मोडी लिपीला मात्र २०१४ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे आण्याच्या रेघा आधी पोचल्या आणि अक्षरं मागून आली. व्यापाऱ्यांचा नंबर नेहमी पहिला :)

आता माझ्या कामाकडे येतो. कारखान्यात एखादं इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार झालं की ते तपासावं लागतं. त्यासाठी टेबलावर पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, सिग्नल जनरेटर, ऑसिलोस्कोप अशी मंडळी मांडलेली असतात आणि त्यांना एक कॉम्प्युटर हुकूम सोडत असतो. 'साडेबारा व्होल्ट दे', 'किती करंट जातोय ते सांग', 'बास, बंद कर'. हे हुकूम सोडणारा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. आणि यातला सगळ्यात फालतू वाटणारा, पण सगळ्यात जास्त चावणारा भाग म्हणजे: हुकमातला आकडा कसा लिहायचा?

हसू नका. माणसांना या प्रश्नाचं उत्तर ठरवायला पंधरा-वीस वर्षं लागली.

*

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीनं, म्हणजे एचपीनं, आपली उपकरणं एकमेकांना जोडण्यासाठी एक बस तयार केली. बस म्हणजे एसटी नव्हे, तारांची जुडी. चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर, आठ तारा डेटासाठी, तीन 'मी बोललो, तू ऐकलंस का' या देवाणघेवाणीसाठी, पाच व्यवस्थापनासाठी. एकावर एक कनेक्टर रचत जायचं, एका बसवर जास्तीत जास्त पंधरा उपकरणं, केबलची एकूण लांबी वीस मीटर. १९७५ साली आयईईई या संस्थेनं ही बस प्रमाण म्हणून स्वीकारली आणि तिला ४८८ हा क्रमांक दिला. जीपीआयबी म्हणतात ती हीच. जुन्या लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही तो वजनदार कनेक्टर आणि त्याचे ते दोन स्क्रू आठवत असतील.

आता गंमत बघा. या प्रमाणानं तारा ठरवल्या, व्होल्टेज ठरवलं, कुणी कधी बोलायचं ते ठरवलं. पण बोलायचं काय, ते ठरवलं नाही! म्हणजे टेलिफोन खात्यानं घरोघरी फोन बसवले, पण एका टोकाला कानडी आणि दुसऱ्या टोकाला तेलुगू. (सोलापुरात हे चालून जातं. इतर ठिकाणी नाही.)

मग प्रत्येक कंपनीनं, आणि कंपनीतल्या प्रत्येक विभागानं, आपापली बोली काढली. एचपीचाच ३४७८ए नावाचा १९८० च्या दशकातला मल्टिमीटर घ्या. त्याला 'एफ१' म्हटलं की डीसी व्होल्ट, 'एफ३' म्हटलं की रेझिस्टन्स. रेंज सांगायची तर 'आर' आणि पुढे एक आकडा. 'आर०' म्हणजे ३ व्होल्ट, 'आर१' म्हणजे ३० व्होल्ट, 'आर उणे १' म्हणजे ३०० मिलिव्होल्ट. म्हणजे तो आकडा व्होल्ट नाहीच, तो दहाचा घात. शेजारच्या दुसऱ्या मीटरला हेच सांगायचं तर वेगळंच अक्षर, वेगळाच आकडा. मीटर बदलला की प्रोग्रॅम नव्यानं लिहा.

एकट्या माणसाला हे चालतं. आजोबांची वही आजोबांना कळत होती, दुकानातल्या मुनीमजींना कळत होती. पण दुकान वाढलं, माणसं बदलली, की 'रकाना बघ की' एवढ्यावर भागत नाही.

टेकट्रॉनिक्स कंपनीनं आपल्या उपकरणांपुरते काही नियम घालून घेतले होते. त्या अनुभवातून १९८७ साली दुसरं प्रमाण आलं, आयईईई ४८८.२. (जुन्याला तेव्हापासून ४८८.१ म्हणू लागले.) आणि यात, बऱ्याच पानांमध्ये, अतिशय गंभीर चेहऱ्यानं, आकडा म्हणजे काय हे लिहून ठेवलं आहे.

*

तीन प्रकार. नावं एनआर१, एनआर२, एनआर३.

एनआर१ म्हणजे पूर्णांक: १२, उणे ७, अधिक ४५०.
एनआर२ म्हणजे ज्यात दशांश चिन्ह उघड लिहिलेलं आहे: १२.५.
एनआर३ म्हणजे शास्त्रीय पद्धतीचा: १.२५ई१. यातलं 'ई' हे अक्षर म्हणजे 'गुणिले दहाचा अमुक घात'.

(मी हे देवनागरीत लिहितोय. तसंच्या तसं मीटरला पाठवाल तर तो शिव्या घालेल, जबाबदारी माझी नाही.)

ही नावं तिथंच जन्मली असं नाही. आकडे अक्षरांच्या रूपात एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे पाठवावेत यावर १९८५ साली आयएसओ ६०९३ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं, त्यातही हेच तीन प्रकार आहेत. पण ४८८.२ नं त्यात एक शहाणपणाची भर घातली. ती म्हणजे चौथा प्रकार, एनआरएफ. यातला 'एफ' म्हणजे लवचीक. उपकरण *ऐकताना* तिन्ही प्रकार चालवून घेईल. तुम्ही १० म्हणा, १०.० म्हणा, १ई१ म्हणा, त्याला सारखंच. पण उपकरण *बोलताना* मात्र ठरलेल्या एकाच साच्यात बोलेल. ऐकावं उदारपणे, बोलावं काटेकोरपणे.

हे तत्त्व त्याच सुमारास इंटरनेटवाल्यांनाही सुचलं होतं. जॉन पोस्टेल यांनी १९८० च्या टीसीपीच्या मसुद्यात असंच लिहिलं: स्वतः करताना जपून, दुसऱ्याचं घेताना मोकळेपणानं. आमच्या काकांचा उधारीचा धंदा अगदी याच्या उलट तत्त्वावर चालायचा, पण ते सोडा.

१९९० च्या एप्रिलमध्ये पुढचं पाऊल पडलं. एचपीनं आपल्यापुरती एक आज्ञाभाषा बनवली होती. ती पाया धरून नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी एससीपीआय जाहीर केली. उच्चार 'स्किपी'. आता 'एफ१' ऐवजी 'मेझर, व्होल्टेज, डीसी, प्रश्नचिन्ह' असं माणसाला वाचता येईल असं लिहायचं. लांब शब्दांची छोटी रूपंही नियमानं ठरलेली: पहिली चार अक्षरं, पण चौथं अक्षर स्वर असेल तर तीनच. म्हणून व्होल्टेजची चार अक्षरं आणि रेझिस्टन्सची तीन. मीटर कुठल्याही कंपनीचा असो, वाक्य तेच. १९९९ साली या भाषेची शेवटची मोठी आवृत्ती आली. एचपीचा तो विभाग १९९९ मध्ये एजिलंट झाला, २०१४ मध्ये कीसाइट झाला, जाडजूड केबल जाऊन यूएसबी आणि लॅनची वायर आली, पण वाक्य तेच राहिलं. आज विकत घेतलेला मीटरही तीस वर्षांपूर्वीचं वाक्य समजतो. सॉफ्टवेअरच्या दुनियेत तीस वर्षं म्हणजे पेशवाईच!

*

आता बारकावे. कंटाळा आला असेल तर चहा घेऊन या, पण या, कारण माझं प्रकरण यानंतर आहे.

पहिला बारकावा, एकक. १२.५ एवढंच लिहिलं तर व्होल्टेजच्या हुकमात ते व्होल्ट धरायचं, फ्रिक्वेन्सीच्या हुकमात हर्ट्झ. म्हणजेच, रकाना बघ की! पण एकक उघड लिहायचीही सोय आहे. आणि तिथं एक जुनं दुखणं निघतं. शास्त्रात छोटं 'एम' म्हणजे मिलि, हजारावा भाग, आणि मोठं 'एम' म्हणजे मेगा, दहा लाख पट. पण या भाषेत लहान-मोठ्या लिपीत फरक मानत नाहीत. मग 'एम' म्हणजे काय? ठरलं असं, की 'एम' म्हणजे मिलि, आणि मेगासाठी 'एमए' अशी दोन अक्षरं लिहायची. झालं? नाही झालं. कारण साऱ्या जगातले इंजिनियर मेगाहर्ट्झ आणि मेगओहम 'एम' लावूनच लिहितात, त्यांच्या सवयी कोण मोडणार? मग दोन अपवाद: हर्ट्झ आणि ओहम यांच्यामागे 'एम' आला तर तो मेगा. म्हणजे एकाच अक्षरानं व्होल्टचा हजारावा भाग होतो आणि हर्ट्झची दहा लाख पट. अब्जाचा फरक, आणि तो फक्त शेजारच्या अक्षरावरून कळतो.

असे अपवाद बघून नाक मुरडू नका. सोलापुरात सुताचा नंबर सांगतात तो बघा. चाळीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या चाळीस लडी. म्हणजे नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. 'दोन-चाळीस' म्हणजे चाळीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, कागदावर २/४०. दिसायला दोन भागिले चाळीस, जाडीला मात्र वीस नंबरच्या एका धाग्याएवढं, म्हणजे खरा भागाकार उलटाच. आणि कृत्रिम धागा आला की डेनियर: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, तिथं नंबर मोठा म्हणजे सूत जाड! माझ्या आजोबांच्या दुकानात चौथी शिकलेला हमाल हे सगळं न चुकता सांभाळायचा.

दुसरा बारकावा, 'आकडा नाही' हे आकड्यात कसं सांगायचं? मीटरच्या वायरी मोकळ्या लोंबत असल्या आणि तुम्ही रेझिस्टन्स विचारलात, तर उत्तर अनंत. स्किपीत अनंतासाठी एक आकडा ठरला आहे: ९.९ई३७. नव्व्याण्णववर छत्तीस शून्यं. ३२ बिटांच्या दशांश आकड्यात मावेल इतका लहान आणि कुठल्याही खऱ्या मोजमापात येणार नाही इतका मोठा. 'हे मोजमापच नाही' यासाठी ९.९१ई३७. नवशिके इथं हमखास आपटतात. शंभर वाचनांची सरासरी काढायची, त्यातलं एक अनंत आलं, की रिपोर्टात सरासरी रेझिस्टन्स ९.९ई३५ ओहम. एकदा असा रिपोर्ट सही-शिक्क्यासह माझ्यापर्यंत आला होता.

तिसरा बारकावा, पूर्णांक हवा असताना १२.५ दिलं तर? उपकरण नाराज होत नाही, जवळच्या पूर्णांकाला नेऊन ठेवतं. हो-नाहीच्या हुकमातसुद्धा. ०.४ पाठवलं तर बंद, ०.६ पाठवलं तर चालू.

आणि चौथा बारकावा. आयएसओच्या त्या १९८५ च्या प्रमाणात दशांश चिन्ह म्हणून टिंबही चालतं आणि स्वल्पविरामही, कारण अर्धा युरोप साडेबारा हे '१२,५' असं लिहितो. पण ४८८.२ मध्ये फक्त टिंब. कारण स्वल्पविरामाला त्यांनी दुसरं काम दिलं होतं: दोन आकडे वेगळे करण्याचं.

*

तर झालं असं.

बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत होतो. नाव नको. गाडीत बसणाऱ्या एका कंट्रोल बोर्डाचं टेस्टिंग होतं आणि प्रोग्रॅम माझा होता. सुरुवातीला एकदा पॉवर सप्लायला सांगायचं: करंट १ अँपिअरच्या वर जाऊ देऊ नको. मग प्रत्येक बोर्डाला 'अप्लाय १२.५', म्हणजे साडेबारा व्होल्ट दे. या 'अप्लाय'ला दोन आकडे देता येतात, पहिला व्होल्टेज, दुसरा करंटची मर्यादा. दुसरा ऐच्छिक. मर्यादा आधीच दिलेली असल्यानं मी तो लिहिला नव्हता. कशाला उगाच टायपायचं?

एक दिवस जर्मनीहून पाहुणा इंजिनियर आला. भला माणूस. त्यानं टेस्टिंगच्या कॉम्प्युटरवर स्वतःची एक एक्सेल शीट उघडली, आकडे नीट दिसेनात म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश 'जर्मनी' केला, काम केलं आणि गेला. सेटिंग तसंच राहिलं. माझा प्रोग्रॅम आकड्याचं अक्षरांत रूपांतर करताना विंडोजला विचारायचा, बाबा रे, दशांश चिन्ह कुठलं? विंडोज आता म्हणू लागलं, स्वल्पविराम.

पॉवर सप्लायला गेला तो हुकूम: 'अप्लाय १२,५'.

बारा व्होल्ट. पाच अँपिअर. व्याकरण शंभर टक्के शुद्ध. एरर नाही, बीप नाही, काही नाही.

मीटरचे आकडे परत वाचणारा भाग दुसऱ्या एका जुन्या लायब्ररीतला होता, त्याला प्रदेशाशी घेणंदेणं नव्हतं, त्यामुळे पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. साडेबाराऐवजी बारा व्होल्टवर चांगली बोर्डं पासही होत होती. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सोल्डरिंगमध्ये शॉर्ट राहिलेलं एक बोर्ड आलं. एरवी सप्लायनं १ अँपिअरला हात वर केले असते, पडद्यावर 'फेल' आलं असतं, बोर्ड दुरुस्तीला गेलं असतं. त्या दिवशी पाच अँपिअर वाहिला. धूर. बोर्डावरची तांब्याची पट्टी जळाली, फिक्स्चरच्या पिना गेल्या, लाइन दीड दिवस बंद.

सप्लायच्या डिस्प्लेवर मर्यादा ५ अँपिअर दिसत होती. साहेबांनी निष्कर्ष काढला: ऑपरेटरनं बटण फिरवलं. टेस्टिंगला बसणारा मुलगा, आयटीआय झालेला, वर्षभरापूर्वी लागलेला. तो परोपरीनं सांगत होता, "सर, मी हात लावला नाही. रिमोटमध्ये असताना बटणं चालतच नाहीत." अगदी बरोबर होतं त्याचं. "लोकल दाबून फिरवलं असशील," साहेब म्हणाले. त्याला लेखी मेमो मिळाला. आणि मी? मी तिथं उभा होतो. मलाही तसंच वाटलं. माझ्या प्रोग्रॅमची लॉग फाइल उघडून बघावी असं मला त्या दिवशी सुचलंसुद्धा नाही. प्रोग्रॅम तर वर्षभर चालत होता ना!

चार दिवसांनी दुसऱ्याच कशासाठी लॉग उघडला आणि त्यात तो स्वल्पविराम दिसला. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. मेमो परत घेतला गेला. पण तो मुलगा महिनाभरात नोकरी सोडून गेला. मी त्याची माफी मागितली होती. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्ही तरी सांगितलंत." यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी बराच विचार केला. दोष कुणाचा? जर्मन पाहुण्याचा? तो त्याच्या लिपीत लिहित होता. प्रमाण बनवणाऱ्यांचा? त्यांनी टिंब म्हणजे टिंब हे १९८७ सालीच लिहून ठेवलं होतं. दोष माझा, आणि नेमका कुठं तेही सांगतो. मी दोन्ही आकडे उघड लिहिले असते, 'अप्लाय १२.५, १.०', तर स्वल्पविरामांनी त्याचे चार आकडे झाले असते, आणि सप्लायनं ताबडतोब एरर दिला असता: उणे १०८, 'जास्तीचा पॅरामीटर चालणार नाही'. मी वाचवलेल्या चार अक्षरांनी ती चूक शुद्ध व्याकरणाच्या वेषात आत शिरली.

(हा धोका जर्मनीपुरता नाही बरं का. आपले १२,३४,५६७ हे लाखाचे स्वल्पविरामही तितकेच घातक. आणि जावा वापरणाऱ्यांनो, प्रदेश मराठी ठेवलात तर नव्या आवृत्त्या आकडे चक्क देवनागरीत छापतात. मराठी माणूस म्हणून ऊर भरून येतो, मीटरला मात्र काही कळत नाही. निदान तिथं एरर तरी येतो!)

*

आता पुन्हा शुक्रवार पेठेत. मी काकांना विचारलं, नवे पैसे आले तेव्हा काय झालं? कारण १ एप्रिल १९५७ हा आपल्याकडचा खरा प्रमाणबदल. सोळा-चौसष्टचा रुपया एका रात्रीत शंभराचा झाला. काका तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि शाळा सुटल्यावर दुकानात बसायचे.

काकांनी वही चाळून ते पान काढलं. त्या दिवसापासून प्रत्येक ओळीत रक्कम दोनदा आहे. उजवीकडे नवी, समासात जुन्या रेघा. कारण गिऱ्हाइकांना नवं कळत नव्हतं आणि जुनं बरोबर भागत नव्हतं. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा कुठून आणणार? सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६, दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १९, चार म्हणजे बरोबर २५. जवळच्या पूर्णांकाला नेऊन ठेवायचं, मीटरसारखंच. एकेक आण्याची सोळा गिऱ्हाइकं आली की रुपयाऐवजी ९६ पैसे गल्ल्यात. "दादांना रोज रात्री ते चार पैसे छळायचे," काका म्हणाले. दादा म्हणजे माझे आजोबा.

"मग भांडणं झाली असतील उधारीवरून?"

"एकबी नाही. दादा नोंद केली की गिऱ्हाइकाला मोठ्यांदा वाचून दाखवायचे. रेघाबी वाचायचे, पैसेबी वाचायचे. तो 'हां' म्हणला की मग खाली आडवी रेघ."

मी गप्प झालो.

उपकरणांच्या भाषेतही हेच आहे, आणि पहिल्या दिवसापासून आहे. कुठल्याही हुकमाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की उपकरण त्याला समजलेला आकडा परत वाचून दाखवतं. 'करंट, प्रश्नचिन्ह' एवढं मी एकदा विचारलं असतं तर सप्लायनं प्रामाणिकपणे सांगितलं असतं, पाच. एक ओळ. काही मिलिसेकंद. नऊ कंपन्यांनी मिळून ती सोय करून ठेवली होती. सुताच्या दुकानदारालाही ती माहीत होती. फक्त मी वापरली नव्हती.

प्रमाण आकड्याचं रूप ठरवू शकतं. समोरच्याला तोच आकडा पोचला का, हे विचारावंच लागतं. आता माझ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये, हुकूम दिला की परत वाचून घेतो, जुळलं तरच पुढे. सहकारी म्हणतात, टेस्टला वेळ लागतो. लागू दे.

असो. पितळी भांड्यांचं वाटप शांततेत पार पडलं. वह्या मी पुण्याला आणल्यात, आणि काकांनी फोनवरून मोडी शिकवायचं कबूल केलंय. पहिला धडा झाला. मी वाचलं, "सव्वापाच रुपये." काका म्हणाले, "रकाना बघ." ते पौंड होते.